चाचणी निवडण्याआधी : वैद्यकीय संशोधनातील संख्याशास्त्राविषयी वाचकांचे प्रश्न

वैद्यकीय संशोधनातील आकडेवारीविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे येथे संक्षेपाने देऊन त्यांना उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मधुमेही रुग्णांच्या पायावरील जखमांसाठी दोन प्रकारच्या ड्रेसिंगची तुलना हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्रत्येक गटात ३० रुग्ण असून कोण कोणत्या गटात जाईल हे यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) पद्धतीने ठरवले. वय, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करेचे माप), जखमेचे क्षेत्रफळ, जखम भरण्यास लागलेले दिवस, रुग्णालयातील मुक्काम अशा वीसेक बाबी एक्सेलमध्ये नोंदवल्या आहेत. सर्वांच्या पी-व्हॅल्यू काढाव्यात असा विचार आहे. कोठे कोणती चाचणी लावावी? नऊ रुग्णांची जखम बारा आठवड्यांत भरली नाही किंवा ते तपासणीला येईनासे झाले. त्यांना सरासरीतून वगळले आहे. (पदव्युत्तर विद्यार्थिनी, तिसवाडी)

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. त्या नऊ रुग्णांना वगळू नका. बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस उपचार घेऊनही ज्याची जखम भरली नाही, त्याच्याविषयी आपल्याला काहीच माहीत नाही असे नाही. जखम भरण्यास ८४ दिवसांपेक्षा अधिक काळ लागणार, एवढे तरी निश्चित माहीत आहे. अशा रुग्णांना काढून टाकले की सर्वांत सावकाश बरे होणारे रुग्णच हिशेबातून नाहीसे होतात आणि ज्या ड्रेसिंगने अधिक जखमा न भरता राहिल्या, तेच ड्रेसिंग सरासरीत चांगले दिसू लागते. अशा अपुऱ्या राहिलेल्या कालावधींना न टाकता हिशेबात घेण्याची पद्धत कॅपलान आणि मायर यांनी १९५८ मध्ये मांडली. तिच्यात प्रत्येक रुग्ण जितके दिवस आपल्या नजरेखाली होता तितके दिवस मोजला जातो. चाळिसाव्या दिवसानंतर न आलेला रुग्ण चाळीस दिवसांपुरता हिशेबात राहतो. कोणत्या दिवसापर्यंत किती जखमा भरल्या हे दाखवणारा आलेख या पद्धतीने प्रत्येक गटासाठी काढावा, दोन आलेखांची तुलना लॉग-रँक या चाचणीने करावी, आणि सुरुवातीच्या जखमेच्या क्षेत्रफळाचा परिणाम लक्षात घ्यायचा असेल, तर डेव्हिड कॉक्स यांचे १९७२ चे प्रतिमान (मॉडेल) वापरावे. जखम भरण्याच्या दिवसांवर दोन सरासरींची तुलना करणारी टी-चाचणी लावणे येथे योग्य नाही.

या पद्धतीलाही एक अट आहे आणि ती प्रबंधांमध्ये क्वचितच तपासलेली दिसते. रुग्ण येण्याचे थांबला, त्याचा जखमेच्या स्थितीशी संबंध नसावा. कोणी गावी गेला म्हणून आला नाही, तर अडचण नाही. जखम चिघळली म्हणून तो दुसऱ्या रुग्णालयात गेला असेल, तर मात्र कॅपलान-मायर आलेखही आपली दिशाभूल करील. म्हणून त्या नऊ जणांपैकी ज्यांच्याशी संपर्क होऊ शकेल, त्यांच्या घरी अजूनही दूरध्वनी करून कारण लिहून घ्या. एखाद्याचा पाय कापावा लागला असेल, तर त्याची नोंद ‘संपर्क तुटला’ अशी करू नका. त्या रुग्णाची जखम भरण्याची शक्यताच संपलेली असते. तो स्वतंत्र निष्पत्ती (परिणाम) म्हणून दाखवावा लागतो. तसेच मध्येच ड्रेसिंग बदललेला रुग्ण ज्या गटात नेमला होता त्याच गटात मोजावा, कारण यादृच्छिक वाटणीमुळे मिळालेली दोन गटांची समानता त्या नेमणुकीतच असते.

आता वीस पी-व्हॅल्यूंविषयी. उपचारांत फरकच नसता, तर हाती आलेला किंवा त्याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. ती पाच टक्क्यांहून (०.०५) कमी आली, की फरकाला ‘लक्षणीय’ म्हणण्याची प्रथा आहे. दोन्ही ड्रेसिंग सर्वार्थाने सारखीच आहेत असे क्षणभर धरा. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस बाबींवर पाच टक्क्यांच्या पातळीवर चाचणी केली, तर निदान एक तरी ‘लक्षणीय’ फरक केवळ योगायोगाने सापडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. आपल्या बाबी परस्परांशी निगडित असल्यामुळे नेमका आकडा वेगळा येईल, पण धोका तोच राहील. नैतिकता समितीला सादर केलेल्या आराखड्यात मुख्य निष्पत्ती म्हणून जी बाब लिहिली होती, तिचाच निष्कर्ष मुख्य म्हणून मांडा आणि उरलेल्या बाबी दुय्यम आहेत असे स्पष्ट लिहा. वय, लिंग, मधुमेहाचा कालावधी यांच्या पहिल्या तक्त्यात पी-व्हॅल्यूचा स्तंभच ठेवू नका. वाटणी यादृच्छिक होती, हे आपल्याला माहीत आहे. मग सुरुवातीचे फरक योगायोगाने आले का, हे चाचणीला विचारण्यात अर्थ नाही. एखादा फरक निष्पत्तीवर परिणाम करण्याइतका मोठा आहे का, हे मात्र वैद्यकीय दृष्टीने पाहावे.

एचबीएवनसीच्या बाबतीत ‘पहिल्या गटात घट लक्षणीय, दुसऱ्यात नाही, म्हणून पहिला उपचार सरस’ असा युक्तिवाद मी अनेक प्रबंधांत वाचला आहे. तो चुकीचा आहे, कारण त्यात दोन गटांची एकमेकांशी तुलना होतच नाही. अखेरच्या मूल्यांची दोन गटांत तुलना करावी आणि सुरुवातीचे मूल्य सहप्रसरण विश्लेषणाने हिशेबात घ्यावे. रुग्णालयातील मुक्कामाची सरासरी ९ दिवस आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ११ असे काही उत्तर आले, तर विभाजन एका बाजूला लांबलेले आहे हे ओळखून मध्यक (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारे मूल्य) आणि चतुर्थके (क्रमाचे चार समान भाग करणारी मूल्ये) द्या. होय-नाही स्वरूपाच्या बाबींसाठी काय-वर्ग चाचणी, आणि अपेक्षित संख्या पाचाहून कमी असलेल्या लहान तक्त्यांसाठी फिशरची अचूक चाचणी पुरेशी आहे. एक विनंती : मूळ एक्सेल फाइलची अस्पर्शित प्रत जपून ठेवा, एका रुग्णाला एकच ओळ द्या आणि कोणतीही माहिती केवळ चौकटीच्या रंगाने दाखवू नका. विश्लेषणासाठी ‘आर’ ही विनामूल्य प्रणाली वापरली, तर केलेली प्रत्येक पायरी लिखित स्वरूपात राहते.

प्रश्न : गोव्यात २६.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, असे वारंवार वाचनात येते. आमच्या वाड्यावर तर कोणीही रक्त तपासायला आले नव्हते. काही हजार लोकांना तपासून पंधरा लाखांविषयी कसे बोलता येते? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : हा आकडा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या सर्वेक्षणातला आहे. २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने देशभरात १,१३,०४३ व्यक्तींची माहिती घेतली गेली आणि निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशाचे प्रमाण ११.४ टक्के आले. गोव्याचे सर्वाधिक, तर उत्तर प्रदेशाचे ४.८ टक्के, म्हणजे सर्वांत कमी. हे प्रमाण २० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे आहे. म्हणून ‘दर चार गोंयकारांपैकी एक’ असे लिहिताना ‘प्रौढ’ हा शब्द गाळणे चूक आहे.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेल्यातला भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. लोकसंख्या तशी नसते : पणजीतला कारकून, सांगेतला बागायतदार आणि काणकोणातली मासेविक्रेती यांचा आहार, श्रम आणि वय निरनिराळे असते. म्हणून सर्वेक्षणात शहर आणि ग्रामीण भाग वेगळे धरून, टप्प्याटप्प्याने गावे वा प्रभाग, मग घरे आणि मग घरातली व्यक्ती निवडली जाते. निवड करणाऱ्याच्या मर्जीला तेथे वाव नसतो. ही निवड नीट झाली, तर नमुन्याची अचूकता प्रामुख्याने नमुन्याच्या संख्येवर ठरते. तो एकूण लोकसंख्येचा कितवा हिस्सा आहे याला फारसे महत्त्व उरत नाही. समजा, ४,००० प्रौढांचा साधा यादृच्छिक नमुना घेतला आणि त्यात २६.४ टक्के आढळले, तर ९५ टक्के विश्वासांतर, म्हणजे खरे प्रमाण ज्या मर्यादांच्या दरम्यान असावे असा अंदाज, सुमारे २५ ते २७.८ इतके येते. गटागटाने निवड केल्यावर ते काहीसे रुंद होते, तरीही देशाच्या ११.४ टक्क्यांपासून ते फार दूरच राहते. आपल्या वाड्यावर कोणी आले नाही, यामुळे निष्कर्ष दुबळा होत नाही. ज्यांची निवड झाली त्यांपैकी किती जणांनी तपासणीस नकार दिला, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

दोन राज्यांची तुलना करताना वयाचाही विचार करावा. गोव्यातील लोकसंख्येचे वय देशाच्या तुलनेत अधिक आहे आणि शहरी वस्तीही अधिक आहे. फरकाचा काही भाग तेथून येतो. मात्र दवाखान्यांची सोय करायची असेल, तर वयाची दुरुस्ती न केलेला प्रत्यक्ष आकडाच उपयोगाचा असतो, कारण औषधे प्रत्यक्ष रुग्णांनाच द्यायची असतात.

प्रश्न : परिचारिकांनी रक्तदाबाच्या रुग्णांना नियमित समुपदेशन केल्यास उपयोग होतो का, हे आम्हांला सहा आरोग्य केंद्रांत पाहायचे असून इतर सहा केंद्रे तुलनेसाठी असतील. प्रत्येकी ५० म्हणजे एकूण ६०० रुग्ण होतात. एवढी संख्या पुरेशी आहे ना? (वैद्यकीय अधिकारी, सत्तरी)

उत्तर : आपल्या अभ्यासात ६०० रुग्ण असतील, पण वाटणी होणार आहे ती बारा केंद्रांची. एकाच केंद्रातील रुग्णांचा डॉक्टर एक, औषधांचा साठा एक आणि बहुधा गावही एकच. त्यामुळे त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी थोडेफार जुळतात आणि पन्नासाव्या रुग्णाकडून पहिल्याइतकी नवी माहिती मिळत नाही. या जुळणीचे माप अंतर्गत सहसंबंध गुणांकाने दिले जाते. तो ०.०५ इतका लहान धरला, तरी प्रत्येक केंद्रातील एकूण रुग्णांतून एक वजा करून त्याला या गुणांकाने गुणावे आणि त्यात एक मिळवावा, या नियमाने ४९ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे ३.४५ हा आराखडा-परिणाम येतो. ६०० ला ३.४५ ने भागले की सुमारे १७४ उरतात. आपल्या ६०० रुग्णांतून स्वतंत्र १७४ रुग्णांइतकीच माहिती मिळणार आहे. रुग्ण वाढवण्यापेक्षा केंद्रे वाढवणे अधिक लाभाचे असते. ते शक्य नसेल, तर निदान विश्लेषण करताना केंद्र ही पातळी धरणारे प्रतिमान वापरावे, अन्यथा पी-व्हॅल्यू खोटी लहान येईल.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे आणि सत्तरीतल्या डॉक्टरांनी ते अवश्य अभ्यासावे. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेच्या सहकाऱ्यांनी ‘मानस’ ही चाचणी गोव्यातील २४ दवाखान्यांत केली. त्यांत १२ सरकारी प्राथमिक केंद्रे आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने होते. नैराश्य आणि चिंता यांनी त्रस्त रुग्णांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांची मदत दिली, तर किती जण बरे होतात, हा प्रश्न होता. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी मदतीच्या गटातले ६५.० टक्के आणि दुसऱ्या गटातले ५२.९ टक्के बरे झाले. बाराशे-पंधराशे स्वतंत्र रुग्णांच्या चाचणीत बारा टक्क्यांचा फरक अगदी निःसंदिग्ध ठरला असता. येथे मात्र जोखीम गुणोत्तर (दोन गटांतील बरे होण्याच्या प्रमाणांचा भागाकार; एक म्हणजे फरक नाही) १.२२ आणि त्याचे विश्वासांतर १.०० ते १.४७ आले, म्हणजे एकाच्या उंबरठ्यापर्यंत. रुग्ण शेकड्यांनी असूनही दवाखाने चोवीसच होते, याचा हा थेट परिणाम आहे.

सरकारी केंद्रांत फरक ठळक होता : ६५.९ विरुद्ध ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मदत मिळालेले ६४.१ आणि न मिळालेले ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले, म्हणजे लाभ दिसला नाही. माझ्या मते या तुलनेतला सर्वांत बोलका आकडा ४२.५ हाच आहे. सरकारी केंद्रात नेहमीचा उपचार घेणाऱ्यांमध्ये बरे होण्याचे प्रमाण इतके खाली होते की तेथे सुधारणेला जागा होती. आपल्या प्रकल्पातही तुलनेच्या सहा केंद्रांत नेमके काय उपचार मिळतात, हे तितक्याच बारकाईने नोंदवा. पुढे याच संस्थेने नैराश्यावरील समुपदेशनाची दुसरी चाचणी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांवर केली. तेथे वाटणी रुग्णागणिक होती. तीन महिन्यांनी आजार ओसरलेल्यांचे प्रमाण समुपदेशनाच्या गटात ६४ आणि दुसऱ्या गटात ३९ टक्के आले. समुपदेशन एकेका रुग्णाला स्वतंत्रपणे देता येत असेल आणि ते दुसऱ्या गटात झिरपण्याची भीती नसेल, तर ही रचना कमी रुग्णांत अधिक निश्चित उत्तर देते. आपल्या केंद्रांत एकच परिचारिका सर्व रुग्णांना पाहत असेल, तर मात्र ती अर्ध्यांना समुपदेशन देऊन अर्ध्यांशी मौन कसे पाळणार? अशा वेळी केंद्रनिहाय वाटणीच करावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते.

प्रश्न : एखादे औषध हृदयविकाराचा धोका ‘निम्म्याने’ कमी करते, असे जाहिरातीत असते. त्याचा अर्थ काय घ्यावा? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ‘कशाच्या निम्म्याने’ हे विचारावे. धोका दोनशेत दोनावरून एकावर आला, तरी तो निम्मा झाला आणि दोनशेत साठावरून तीसवर आला, तरी निम्माच झाला. १९८८ च्या ‘आयसिस-२’ या चाचणीत हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेल्या १७,१८७ रुग्णांचा अभ्यास झाला. ॲस्पिरिन मिळालेल्यांपैकी ९.४ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ११.८ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. प्रमाणात पाहिले तर मृत्यू सुमारे पाचव्या हिश्श्याने घटले. प्रत्यक्षात पाहिले तर साधारण ४१ रुग्णांना औषध दिल्यावर एक मृत्यू टळला. दोन्ही विधाने खरी आहेत आणि इतक्या स्वस्त औषधासाठी हा लाभ फार मोठा आहे. रुग्णाला निर्णय घेण्यासाठी मात्र दुसरे विधान लागते. याच चाचणीच्या अहवालात रुग्णांची जन्मराशीनुसारही विभागणी दाखवली होती आणि मिथुन व तूळ राशींच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा लाभ होत नाही असे दिसत होते! उपगटांचे निष्कर्ष किती फसवे असू शकतात, हे डॉक्टरांना पटावे म्हणून ती विभागणी दिली होती.

प्रश्न : पी-व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आली म्हणजे औषध उपयोगी असण्याची शक्यता ९५ टक्के आहे, असे समजावे का? ०.०५ हाच आकडा का? (निवृत्त विज्ञान शिक्षक, पेडणे)

उत्तर : तसे समजू नये. औषधाचा काहीच परिणाम नाही असे गृहीत धरले, तर हाती आलेला किंवा त्याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-व्हॅल्यू. औषध उपयोगी असण्याच्या शक्यतेविषयी ती स्वतंत्रपणे काही सांगत नाही. आपण हिशेब करून पाहू शकता. शंभर नव्या औषधांपैकी दहाच खरोखर गुणकारी आहेत आणि प्रत्येक चाचणी गुणकारी औषध ओळखण्यास ८० टक्के समर्थ आहे असे धरा. दहांपैकी आठ सापडतील. उरलेल्या नव्वदांपैकी पाच टक्के, म्हणजे साडेचार, योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरतील. लक्षणीय ठरलेल्या साडेबारांपैकी साडेचार, म्हणजे ३६ टक्के औषधे निरुपयोगी असतील. रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या आपल्या पुस्तकात विसात एक ही पातळी सोयीची म्हणून घेतली आणि पुढे तिला नियमाचे रूप आले. केवळ पी-व्हॅल्यू एखादी मर्यादा ओलांडते का, यावर वैज्ञानिक निष्कर्ष वा धोरण ठरवू नये, असे अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने २०१६ मध्ये निवेदन काढून सांगितले.

क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ ची ब्रिटिश चाचणी पाहा. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि केवळ विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले. हे योगायोगाने होण्याची शक्यता शंभरात एकाहून कमी होती. मृत्यूच्या प्रमाणातील फरकाचे विश्वासांतर काढले, तर ते साधारण ६ ते ३४ टक्के येते. लाभ आहे, पण तो किती मोठा हे अजून अनिश्चित आहे, ही गोष्ट पी-व्हॅल्यूतून कळली नसती. त्या चाचणीवर विश्वास बसतो तो ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेल्या वाटणीमुळे, बंद लिफाफ्यांमुळे आणि रुग्ण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांनी क्ष-किरण चित्रे वाचल्यामुळे. अनेक रुग्णांतील जंतू औषधाला दाद देईनासे झाल्याचेही त्याच अहवालात नोंदवले होते. सहा महिन्यांची पी-व्हॅल्यू कितीही लहान असली, तरी त्यापुढच्या काळाविषयी ती काही सांगू शकत नव्हती.

प्रश्न : माझ्या दवाखान्यात उपाशीपोटी साखर वाढलेल्या ४० रुग्णांना एक वनस्पतिजन्य काढा तीन महिने दिला. बहुतेकांची साखर उतरली आणि एकालाही दुष्परिणाम झाला नाही. हे प्रसिद्ध करता येईल का? (खासगी व्यावसायिक डॉक्टर, म्हापसा)

उत्तर : प्रसिद्ध करायचे असेल, तर निरीक्षण म्हणून करता येईल, काढा गुणकारी आहे असे म्हणता येणार नाही. साखर दररोज वर-खाली होते. ज्या दिवशी ती वाढलेली सापडली त्याच दिवशी आपण रुग्णाची निवड केली, त्यामुळे पुढच्या मोजणीत तिचा काही भाग कोणत्याही औषधाविना उतरणारच. सरासरीकडे परतण्याचा हा गुणधर्म फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासातून दाखवला होता. शिवाय डॉक्टर लक्ष देऊन तपासत आहेत म्हटल्यावर रुग्ण गोडधोड कमी करतो, चालायला लागतो. तो परिणामही काढ्याच्या नावावर जमा होतो.

दुष्परिणाम एकही नाही, याचाही अर्थ मर्यादितच आहे. अशा वेळी तीनाला रुग्णसंख्येने भागावे, म्हणजे ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा मिळते. ४० रुग्णांसाठी ती ७.५ टक्के येते. यकृताला इजा करणारा दुष्परिणाम दर वीस रुग्णांमागे एकाला होत असता, तरी तो आपल्या चाळिसांत न दिसणे सहज शक्य होते.

आपल्याला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो, हे पत्रातून जाणवते. म्हणून पुढची चाचणी नीट आखावी असे सुचवतो. नैतिकता समितीची मान्यता घ्या आणि २००७ पासून सुरू असलेल्या भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंद करा. रुग्णांची चालू औषधे बंद करू नका. दोन्ही गटांना आहाराचा सल्ला सारखाच द्या आणि काढा मात्र यादृच्छिक वाटणीने एकाच गटाला द्या. उपाशीपोटी साखरेचे प्रमाण विचलन ३० मिलिग्रॅम धरले आणि १० मिलिग्रॅमचा फरक ८० टक्के खात्रीने ओळखायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १४२ रुग्ण लागतील. पंधरा टक्के रुग्ण मध्येच येण्याचे थांबतील असे गृहीत धरले, तर ही संख्या १६७ होते. म्हापशातील एका दवाखान्यात इतके रुग्ण वेळेत मिळणे कठीण आहे. बार्देशातील आणखी दोन-तीन डॉक्टर सोबत घेता आले, तर वाटणी दवाखान्यागणिक न करता प्रत्येक दवाखान्यातील रुग्णांमध्येच करावी.